प्लग काढून बघणं

दर रविवारी दुपारी सुधीर, माझा नवरा, आमच्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकचा प्लग मुद्दाम काढतो. वीज गेली तर बॅटरीवरचा पंप आपोआप सुरू होतो की नाही, हे त्याला बघायचं असतं. चांगला चाललेला पंप बंद कशाला करायचा, म्हणून मी चिडते आणि तरी हातातलं काम टाकून तिथे जाऊन उभी राहते.

प्लग काढला की आधी घरातली घरघर थांबते. ती आठवडाभर चालू होती, हे तेव्हाच कळतं. मग डुलणारी प्रवाळं हळूहळू स्थिर होतात. पाणी थांबलं की त्यातला प्राणवायू कमी होत जातो, हे सुधीरनंच मला सांगून ठेवलंय.

"होईल सुरू," तो म्हणतो.

"मागच्या वेळी लवकर झाला होता."

"दर वेळी तू हेच म्हणतेस."

खट् असा आवाज होतो आणि पाणी हलतं. सुधीर प्लग परत लावतो आणि निवांतपणे पेपरची पुरवणी उघडतो. मला काही चैन पडत नाही. आत्ता चालला, पण पुढच्या वेळचं काय? ज्यावर आपला जीव असतो, ते चालू आहे हे एकदा बघून का पुरत नाही?

मी फोन उचलते. आई साताऱ्याला एकटी राहते. रिंग वाजत राहते, आणि मी पाण्याकडे बघत राहते.

"काय गं, काही काम होतं?"

"नाही, सहजच."

"सकाळीच तर केला होतास," आई म्हणते. "आहे मी. ठेव आता."