मागे सत्तेचाळीस दाते

साडूंच्या मोटारसायकलचे दाते मी त्यांच्याच पडवीत, त्यांच्याच घरची पुरणपोळी खाऊन झाल्यावर मोजले. त्यांच्या धाकट्या मुलीचा तिसरा वाढदिवस होता. घोडेगावच्या त्यांच्या घरात बायकांची पंगत बसली होती, पुरुषमंडळी ओट्यावर पान जमवत होती. मी हात धुवायच्या निमित्ताने मागे गेलो. गाडी डबल स्टँडवर होती. मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्याच्यावरून फिरते त्या दातेरी चाकाच्या, एका दात्यावर खडूने खूण केली आणि चाक हाताने फिरवत मोजत गेलो. सत्तेचाळीस भरले. खात्रीसाठी पुन्हा मोजले, वहीत लिहिले आणि खूण पुसली. हात आता खरोखरच काळे झाले होते, म्हणून धुतले.

माझ्या गाडीला त्रेचाळीस होते. दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या, महिन्याभराच्या अंतराने घेतलेल्या.

माझ्यासारखा माणूस पाहुण्याच्या पडवीत खडू घेऊन का बसला, ते सांगायला हवं. आम्ही दोघंही जनावरांना लस टोचायचं आणि औषधपाण्याचं काम करतो. मी बोरी बुद्रुकहून, वीस वर्षं. ते घोडेगावहून, सहा वर्षं, आणि त्यातली पहिली दोन माझ्या मागच्या सीटवर बसून. मेंढीची कातडी चिमटीत कशी धरायची, सुई तिरकी कशी घालायची, बर्फाचा डबा सावलीत ठेवून झाकण किती वेळ उघडं ठेवायचं, हे सगळं माझ्याकडून गेलेलं आहे. ते मन लावून शिकले. हीच अडचण झाली.

माझ्या वहीत आठ वाडे होते. इथे वाडा म्हणजे घर नव्हे. एक कळप आणि त्याच्याबरोबर फिरणारं कुटुंब. ही कुटुंबं बोरीच्या आसपासची. पावसाळा इकडे काढतात, दिवाळीनंतर हळूहळू पश्चिमेला सरकतात, आणि उन्हाळ्यात डिंभे धरणाचं पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या काठावर मेंढ्या चारतात. शेतकरी त्यांना रानात रात्री बसायला बोलावतात, खतासाठी. वर्षातलं मोठं टोचण पावसाळ्याच्या आधी असतं, म्हणजे ते वर, डिंभ्याकडे असताना. आणि ते सकाळी, वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण सोडायच्या आत उरकावं लागतं. एकदा मेंढ्या चरायला पांगल्या की दिवस संपला.

आठही वाडे एका म्हाताऱ्या आबांच्या शब्दावर चालायचे. आबा ज्याला बोलावतील त्याला बाकीचे सात बोलावणार. अकरा वर्षं ते मला बोलावत होते.

आदल्या उन्हाळ्यात घोटाळा झाला. डिंभ्याच्या पुढे धरणाच्या अंगाने सातआठ किलोमीटर कच्चा रस्ता आहे, आणि शेवटी एक चढ, सगळा मोकळ्या दगडांचा. आबांचा वाडा त्या चढाच्या वर उतरलेला होता. माझी गाडी मागे डब्याचं ओझं घेऊन त्या चढावर पहिल्या गिअरमध्येही गुदमरली. क्लच घासल्याचा वास आला. मी उतरून ढकलायला लागलो. तेवढ्यात मागून साडू आले, सहजच, दुसऱ्या वस्तीवर निघालेले. मागे त्यांची बायको, तिच्या मांडीवर पिशवी. बसल्या जागी, पाय खाली न टेकवता, फट् फट् करत ते माझ्या शेजारून वर गेले आणि वर थांबून म्हणाले, "भाऊ, ढकलायचीच व्हती तर बैल तरी जुपायचा."

मेव्हणी हसली. आबांची सून हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी फक्त साडूंच्या गाडीकडे पाहिलं, आणि ते मला जास्त लागलं. त्या दिवशी अर्ध्या मेंढ्या माझ्या, अर्ध्या त्यांच्या हातून टोचून झाल्या. साडूंनी एक पैसा घेतला नाही. घेतला असता तर बरं वाटलं असतं.

पुढचं सगळं वर्ष बायकोच्या फोनवरून बातम्या यायच्या. बहिणी बहिणींचं बोलणं रोज. भाऊजी अमुक वस्तीवर गेले, रस्ताच नव्हता तरी पोचले. भाऊजींना तमुक ठिकाणी कोंबडं कापलं. मी जेवताना हे ऐकायचो आणि दोन भाकरींच्या जागी दीड खायचो. बायकोच्या लक्षात आलं. "पोटात दुखतंय का?" तिने एकदा सरळच विचारलं. मी ॲसिडिटी म्हणालो.

म्हणून तो खडू.

नारायणगावला माझा जुना मेकॅनिक आहे. त्याच्यापुढे वही उघडली आणि मागे सत्तेचाळीस हवेत म्हणून सांगितलं. तो समजूतदार माणूस. त्याने हातातलं काम ठेवून मला नीट समजावलं, की इंजिनाजवळचं पुढचं दातेरी चाक लहान आणि मागचं मोठं केलं की गाडी ओढते जास्त आणि पळते कमी. उलट केलं की हायवेला निवांत पळते, पण चढाला रडते. दोन्ही एकत्र मिळत नाही. मग त्याने विचारलं, रोजचं रान किती आणि हायवे किती?

मी सगळं लिहून ठेवणारा माणूस. पेट्रोल, किलोमीटर, ऑइल कधी बदललं, सगळं तारखेवार. डिंभ्याच्या फेरीचा हिशेब मला पाठ होता. बोरीहून आळेफाटा, तिथून हायवेने नारायणगाव, मंचर, मग घोडेगाव, डिंभे. साठेक किलोमीटर डांबर आणि सातआठ कच्चं. ती फेरी वर्षातून मोजून दहा-बारा वेळा. बाकी सगळं काम सपाटीला. हे सगळं खिशातल्या वहीत असताना मी म्हणालो, "निम्मं निम्मं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. निम्मं असलं तरी पुढचं तेवढं चौदाचं तेरा करा, म्हणाला, दहा मिनिटांचं काम, नाय जमलं तर परत बदलू. मी विचारलं, साडूंच्या गाडीला पुढे किती असतील? तो म्हणाला, तेराच असणार, त्याच्या खाली चेन घासते. मग मला तेरा आणि सत्तेचाळीसच पाहिजे, असं मी सांगितलं. त्याने चेन दोन कड्यांनी लांब केली आणि संच बसवला. पैसे घेताना म्हणाला, "भाऊ, गाडी तुमचीच हाय ना?"

घरी येईपर्यंत समजलं होतं. पूर्वी ज्या आवाजात गाडी पासष्टला चालायची, त्याच आवाजात आता पंचावन्न. दारात बायको उभी होती. "ही का रडतीये?" तिने विचारलं. नवीन आहे, बसेल, असं सांगितलं. बोरीच्या बांधांवरून मात्र गाडी अशी चढायची की मी मुद्दाम बांध शोधत फिरलो. दोन दिवस मी फार खुशीत होतो.

मग आबांचा निरोप आला. नातवाने फोन लावून दिला आणि आबा बोलले. परवा सकाळी टोचायचं. सातला वाघर सोडणार. "तुमी आलात तर तुमी. उशीर झाला तर घोडेगावचा पावणा जवळ हाय. रागवायचं नाय." म्हणजे हे वर्ष ठरवणारं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

मी यादी केली. डबा, बर्फ, लशीच्या बाटल्या, सुया, खूण करायला गेरू, पेट्रोल, पंक्चरचं सामान. साडेचारला निघायचं आणि साडेसहाला पोचायचं, असा पूर्वीच्या वेगाचा आकडा लिहिला. नव्या वेगाचा आकडा मांडलाच नाही. मांडला असता तर चारला निघालो असतो.

आळेफाट्याला हायवेला लागलो तेव्हा भाजीच्या गाड्या पुण्याकडे निघालेल्या. एरवी मी त्यांच्या पुढे असतो. त्या दिवशी टोमॅटोचे टेम्पो मला मागे टाकून जात होते. पासष्ट धरलं तर हँडलला मुंग्या, सत्तर धरलं तर पायांखाली गिरणी. पंचावन्नवर यायचो, घड्याळ पाहायचो, पुन्हा पिळायचो. नारायणगावच्या पुढे इंजिनची ऊब गुडघ्याला लागायला लागली. मंचरच्या अलीकडे गाडी रिझर्व्हला आली. एवढ्यात ती कधी येत नाही. पंपावर रांगेत उभा असताना फोन वाजला. साडूंचं नाव. पुन्हा वाजला. पहाटे पहाटे माणूस कशाला फोन करतो? मी पोचलो, तुम्ही कुठं आहात, हेच विचारायला. मी फोन मुका करून डब्याच्या पिशवीत टाकला.

डिंभे ओलांडून कच्च्याला लागलो आणि सगळा त्रास विसरलो. गाडी खड्ड्यांतून मऊ खेचत होती, कुठे क्लच दाबावा लागला नाही. दगडांचा चढ आला. दुसरा गिअर, मान खाली, आणि पाय न टेकवता मी वर होतो. आयुष्यात पहिल्यांदा. वर कोणी बघतंय का म्हणून मी पाहिलं.

कोणीच नव्हतं. वाघर नव्हती. तीन दगडांच्या चुलीत गार राख होती आणि पाणी हटलेल्या जमिनीवर सगळीकडे लेंड्या. पावणेसात झाले होते.

पिशवीतून फोन काढला. साडूंचे चार फोन आणि एक निरोप. आबांना आदल्या संध्याकाळी खालच्या शेतकऱ्याने रानात बसायला बोलावलं होतं आणि वाडा कालव्याशेजारी उतरला होता. घोडेगावहून येताना डांबरी रस्त्याच्या अगदी कडेला. आबांनी साडूंना सांगितलं होतं, की बोरीच्या पाहुण्याला कळव. त्यांनी कळवलं होतं. मी त्या वाड्याच्या समोरून, पंचावन्नच्या वेगाने, घड्याळाकडे बघत गेलो होतो.

खाली पोचलो तेव्हा सव्वासात. वाघर अजून लावलेली होती. आबांनी मेंढ्या थांबवून धरल्या होत्या, साडूंनी तसं सांगितलं म्हणून. दोन तृतीयांश कळपाच्या पाठीवर गेरूचा ठिपका पडलेला. साडू गुडघ्यांवर बसून टोचत होते. हात माझ्यासारखाच, चिमूट माझ्यासारखीच. त्यांची लस संपत आली होती. मी माझा डबा उघडला आणि उरलेल्या मेंढ्या आम्ही दोघांनी शेजारी शेजारी बसून टोचल्या.

चहा घेताना साडू माझ्या गाडीपाशी गेले. वाकले. बोटाने दाते मोजत आहेत हे मला दिसलं, आणि मी कपात बघत बसलो.

"सत्तेचाळीस," ते परत येऊन म्हणाले, बऱ्याच हळू आवाजात. "भाऊ, माझं बघून बसवलं का?"

मी म्हणालो, चौकशी करून बसवलं.

"माझा मागचा टायर बघितला का पण? बटनाचा, उंच. उंच टायर गाडीला जड करतो, म्हणून मला मागं एवढं लागतं. तुमचा बुटका. तुमाला हे लई झालं राव. मला इचारायचं ना."

त्यात टोमणा नव्हता. असता तर परतवता आला असता. दोनदा दाते मोजले, टायरकडे मात्र नजर गेली नव्हती. त्यांच्या गाडीत माझ्यापेक्षा जास्त काय आहे एवढंच मला पाहायचं होतं.

आबांनी कप खाली ठेवला. ते दोघांकडेही न बघता, मेंढ्यांकडे बघत बोलले. "आमी वर असलो की ह्यांनी टोचायचं. खाली आलो की तुमी बघायचं. साडू साडू आहात, जनावरं कशापायी ताटकळत ठेवायची?"

ऐकायला ही वाटणी सरळ होती. पण टोचण वरचं, आणि खाली पावसात नुसतं जंताचं औषध पाजायचं, हे आबांना, मला आणि साडूंना सारखंच माहीत होतं. साडू चटकन म्हणाले, की भाऊंना नको वाटत असेल तर राहू द्या. मी म्हणालो, बरोबर आहे आबांचं, लांब पडतं मला. माझा आवाज ठीक होता. वहीत आठही वाड्यांपुढे घोडेगाव लिहिलं, तिथेच, त्यांच्यासमोर, म्हणजे घरी जाऊन विचार बदलायला नको.

आठवडाभर तसाच फिरलो. गिअरिंग परत करायचं म्हणजे तो चढ पुन्हा माझ्या वाट्याला नाही हे मान्य करायचं. बांधांवर गाडी तशीच छान चढत होती, पण बोरीत चढण्यासारखं आहे काय? शेवटी मेकॅनिककडे गेलो. पुढे चौदा, मागे त्रेचाळीस. त्याने चेनच्या दोन कड्या पुन्हा काढल्या. येताना आळेफाट्यापर्यंत गाडी पासष्टला गुपचूप पळाली, हँडल शांत, आणि मला ते सुख अजिबात गोड लागलं नाही.

काढलेला संच जेमतेम चारशे किलोमीटर चाललेला होता. साडूंचा झिजत आलाय, त्यांना देऊन टाका, असं बायको म्हणाली. मी हो म्हणालो. संच रॉकेलने धुतला, ऑइल लावलं, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला. पुढच्याच आठवड्यात साडूंचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी जपून विचारलं, की तो तेरा-सत्तेचाळीसचा सेट पडून असेल तर घेतो, सांगाल ते पैसे देतो.

"मोडीत घातला," मी म्हणालो.