हुकूम आणि हरकत

नौदलाच्या जहाजावरच्या इंजिनखोलीत तिने उमेदीची वर्षं काढली. वाफेचे पाइप, टर्बाइनची घरघर, मानेवरून ओघळणारा घाम. पंपाच्या आवाजावरून त्याची तब्येत ओळखायची, म्हणून सगळे तिला ‘इंजिनताई’ म्हणत. पुढे हे नाव घरीही आलं. लेकीला शाळेत कुणी आईचं नाव विचारलं, तर ती आधी तेच सांगायची.

लेक मोठी होत होती आणि आई समुद्रावर. शेवटी तिने वर्दी उतरवली आणि अणुवीज केंद्रात अर्ज केला. अणुभट्टी काय किंवा जहाजाचा बॉयलर काय, पाणी तापवायचं, वाफ करायची, टर्बाइन फिरवायचं. आपल्या हातचा मळ आहे, असं तिला वाटलं.

वडिलांना, अण्णांना, ते रुचलं नाही. ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. “वर्दी सोडून कारखान्यात?” एवढंच म्हणाले आणि पेपरात डोकं खुपसलं.

प्रशिक्षणात खऱ्या कंट्रोल रूमची हुबेहूब नक्कल होती. तीच बटणं, तेच दिवे, फक्त मागे अणुभट्टी नाही. शिकवणारे मास्तर काडीसारखे बारीक आणि हळू बोलणारे. पहिल्याच चाचणीत ते म्हणाले, “दोन नंबरचा पंप बंद करा.”

त्यांचं वाक्य संपायच्या आत तिने पंप बंद केला. पुढच्या क्षणी सगळ्या खोलीत भोंगे कोकलायला लागले.

“एक नंबरचा पंप दुरुस्तीला काढलाय,” मास्तर म्हणाले. “त्याच्या बटणावर लाल पाटी आहे. चालू होता तेवढा एकच पंप तुम्ही बंद केलात.”

“सर, तुम्हीच सांगितलंत!”

“हो. मुद्दाम चुकीचं सांगितलं. तुम्ही मला अडवायला हवं होतं.”

ती नापास झाली. घरी येऊन बूटसुद्धा न काढता बसून राहिली. नवऱ्याने चहा पुढे केला. अण्णा त्या दिवशी भेटायला आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भडकले. “साहेबाला अडवायचं? हुकूम म्हणजे हुकूम!”

“तिथे तसं नाहीये, अण्णा. तिथे हरकत घेणं हीसुद्धा ड्युटी आहे.”

हे ती त्यांना सांगत होती की स्वतःला, कुणास ठाऊक. अंगात मुरलेली सवय मोडणं सोपं नव्हतं. मग तिने घरातच सराव मांडला. हुकूम ऐकायचा, तो पुन्हा म्हणून दाखवायचा, समोर नजर टाकायची, मगच हात हलवायचा. नवरा म्हणाला, “जरा मीठ दे,” की ती म्हणायची, “मीठ द्यायचंय. बरोबर?”

“बरोबर, माझे आई! आता जेवू दे!” तो हात जोडायचा आणि लेक हसून लोळायची.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. परवाना मिळाला, खऱ्या पॅनेलसमोरची खुर्ची मिळाली.

पुढच्या वर्षी मोठी दुरुस्ती संपवून भट्टी पुन्हा चालू होत होती. सगळ्यांनाच घाई. शिफ्टप्रमुख म्हणाले, “पॉवर वाढवा.” तिने हुकूम पुन्हा म्हणून दाखवला आणि समोर पाहिलं. तापमानाचे तीन काटे एका रेषेत होते, चौथा किंचित वर.

“सर, मी थांबतेय,” ती म्हणाली. “चौथा काटा जुळत नाही.”

शिफ्टप्रमुखांनी तो काटा निरखून पाहिला आणि म्हणाले, “थांबूया.”

तपासात निघालं काय, तर मापकाची एक तार सैल! भट्टी ठणठणीत होती. त्यापायी अर्धा दिवस गेला. आता आपली चंपी होणार म्हणून ती बैठकीला मान खाली घालून गेली. शिफ्टप्रमुख उभे राहिले. “आज हिने मला थांबवलं. खोलीतल्या प्रत्येकाने मला असंच थांबवावं.” मागच्या रांगेत बसलेल्या मास्तरांनी टाळी सुरू केली, आणि जहाजावर वादळातही न डगमगलेल्या बाईचे डोळे भरून आले.

अण्णांनी उलटतपासणी घेतली. “म्हणजे काही बिघडलंच नव्हतं?”

“नाही.”

“तरी शाबासकी?”

“हो.”

“आवाज चढवला होतास?”

“नाही, अण्णा. साध्या आवाजात सांगितलं.”

त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “साहेबासमोर असं बोलायला छाती लागते. आमच्यात एवढी कुणाची नव्हती. माझीसुद्धा.”

दुसऱ्या दिवशी ते बागेत मित्रांमध्ये बसलेले तिला दिसले. “एका शब्दावर अख्खं केंद्र थांबवलं पोरीने!” ते हात उडवून सांगत होते.

“अण्णा, केंद्र नाही हो, नुसती पॉवर वाढवायची थांबवली.”

“तू जा गं ड्युटीला,” ते म्हणाले, “मला नीट सांगू दे.”