फणसपोळी समजून खाल्लेला बोर्ड

हे गेल्यावर सुनेने बुचाच्या बोर्डावरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. टाचण्यांची भोकं पुसल्यासारखी मिटली. बुचाचा तो गुणच. मोडलेले दोन कोपरे मात्र तसेच आहेत. दोन्ही मी खाल्लेत.

पहिला, नवी नवरी असताना. हे बोटीवर होते. सुट्टीवर येताना ट्रंकेतून एक तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा चौकोन घेऊन आले. माझं माहेर देवरूखचं, फणसपोळ्या वाळवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असा माझाच समज. म्हटलं, परदेशातही फणस होतात वाटतं! कोणी बघत नाहीसं पाहून कोपरा मोडला नि तोंडात टाकला. चावतेय, चावतेय, गोडी काही येईना. एवढ्यात हे आले.

"अगं थुंक! बूच आहे ते!" म्हणत त्यांनी माझ्या तोंडाखाली आपला तळवा धरला.

थुंकता थुंकता मी शहाणी म्हणते काय, "तरीच! नीट वाळलेली नाही."

मग तो बोर्ड स्वयंपाकघराच्या दाराशी लागला. लाइटची बिलं, लग्नपत्रिका, गॅसवाल्याचा नंबर. खाऱ्या हवेने टाचण्या गंजायच्या, बोर्ड टिकला.

पुढे यांचं विसरणं सुरू झालं. सुनेने ठळक अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या, 'मोरी इकडे', 'गोळ्या घेतल्या'. मधोमध माझा फोटो, खाली 'ही तुमची बायको'. हे त्या फोटोकडे बघत, मग मला विचारत, "बाई, ह्या कुठे गेल्या हो?"

"बाजारात," मी सांगे. दुसरं काय सांगणार?

पण मोडका कोपरा त्यांना बरोबर आठवे. त्यावर बोट ठेवून हसत. "आमच्या हिने खाल्लंन्." आणि सांगत कोणाला, तर मला!

एका दुपारी मला खोडी सुचली. खोडी कसली, आशाच ती. त्यांच्यासमोर उभी राहून दुसरा कोपरा मोडला आणि तोंडात टाकला. आता तरी ओळखतील.

"आई, हे काय करताय!" सून ओरडली.

हे चटकन उठले. तळवा थेट माझ्या तोंडाखाली. "अहो बाई, थुंका! बूच आहे ते!"

मी थुंकले. तळवा तसाच धरून त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आमच्या हिला सांगू नका हं. हसेल तुम्हाला."

"नाही सांगणार," मी म्हटलं.