माहेरच्या मोगऱ्याची माती
कुंडीतल्या ओल्या मातीचा वास आला की घोडबंदर रोडच्या फ्लॅटमधला माझा पहिला आठवडा आठवतो. ठाकुर्लीच्या माहेराहून मी मोगरा आणलेला आणि सासूबाई नळाखाली त्याची मुळं स्वच्छ धुवायला निघालेल्या. “आई, थांबा! त्या मातीत मुळांना बिलगून बुरशी राहते. ती झाडाला पाणी आणून देते, झाड तिला साखर देतं.” “बुरशी? माझ्या घरात?” असं म्हणत त्यांनी नळ मात्र बंद केला. लग्नातल्या रुसव्यानंतर त्या माझ्या आईशी बोलत नव्हत्या. पण त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच तिला फोन लावला, “विहीणबाई, मोगऱ्याच्या त्या मातीची अजून एक पिशवी हवीय, माझ्या बाकीच्या कुंड्यांसाठी. आम्हीच येतो न्यायला.” आता दोघी मिळून सोसायटीतल्या बायकांना बुरशीचे गुण सांगतात आणि मला मध्ये बोलूही देत नाहीत.