नानांनी न काढलेली कव्हरं

नाना गेल्याचं मला घरच्यांच्या आधी एका बॅनरने कळवलं. पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये बसले होते आणि गावाकडच्या कुठल्याशा ग्रुपवर एक चित्र येऊन पडलं. वर आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा हात जोडलेला मोठा फोटो, शेजारी त्याच्या कार्यकर्त्यांचे जरा लहान फोटो आणि खाली कोपऱ्यात, फुलांच्या चौकटीत, नाना. नावाखाली लिहिलं होतं, 'सुप्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ'. मी ते दोनदा वाचलं. मग वडिलांचा फोन आला. "नाना गेले गं... झोपेतच. तू नीघ." वडील रडत होते आणि माझ्या डोक्यात मात्र तो एकच शब्द फिरत होता. हृदयरोगतज्ज्ञ. ज्या माणसाने सगळी हयात खेडोपाडीच्या दवाखान्यांमध्ये घालवली, तो काय करत होता हे त्याच्या मरणाचा बॅनर छापणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

म्हणून आधी तेच सांगते. नाना माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते परगावच्या कॉलेजात बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकवायचे. दवाखान्यात जी यंत्रं असतात, ती कशी बनतात, कशी चालतात आणि का बंद पडतात, हा त्यांचा विषय. त्यांनी पीएच.डी. केली ती आईच्या पोटावरून मिळणाऱ्या सिग्नलमधून बाळाच्या हृदयाचे ठोके वेगळे काढण्यावर. आईचे ठोके मोठे, बाळाचे बारीक, आणि दोन्ही एकमेकांत मिसळलेले. लहानपणी मी विचारलं होतं, म्हणजे काय करता? तेव्हा म्हणाले, "जत्रेत लाऊडस्पीकर चालू असतो आणि त्यात एखादं लेकरू हळूच हाक मारतं. ती हाक ऐकायची." मला ते लगेच समजलं, कारण मी तसंच लेकरू होते.

मला बोलायचा धाक वाटायचा. बीडमधल्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करत, आणि इंग्रजी धड यायची नाही, म्हणून मी गप्प राहायला शिकले. पण घरात मला बोलावंच लागायचं, दुसऱ्यांचं. नाना आईचे भाया, थोरले दीर. आई त्यांच्याशी थेट बोलत नसे. ते सुट्टीत घरी आले की आई डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि मला म्हणायची, "नानांना विचार, भाकरी टाकू का चपाती." नाना समोरच्याच खुर्चीवर बसलेले. मी तोंड उघडायच्या आत म्हणायचे, "तुझ्या आईला सांग, भाकर." दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू यायचं, तरी मध्ये मी लागायचे. ही रीत मला तेव्हाही विचित्र वाटायची, पण त्या घरात माझ्या आवाजाला तेवढंच काम होतं.

त्या दोघांचं एकच भांडण होतं आणि ते वर्षानुवर्षं माझ्या तोंडून चाललं. कव्हरांचं. आमच्या घरात टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, मिक्सरला झालरीचं कव्हर, रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. आई शिवणकाम करते. घरात नवी वस्तू आली की तिचं पहिलं काम म्हणजे तिचं माप घेणं. नाना आले की पहिल्या दिवशी सगळी कव्हरं काढून घडी करून दिवाणावर ठेवायचे. खिशात लहानसा चाकू असायचा, त्याने नव्या वस्तूंचं प्लॅस्टिक फाडायचे. "तुझ्या आईला सांग, मशीन झाकली की गुदमरती." त्यावर आतून उत्तर, "नानांना सांग, धूळ त्यांना पुसायला लागत न्हाई." नाना हसायचे. ते परत गेले की कव्हरं जिथल्या तिथे.

हे घरातलं भांडण त्यांच्या संशोधनाचं भांडण आहे हे मला फार उशिरा कळलं. बाळाच्या ठोक्यांवर काम करताना ते खेडोपाडीच्या दवाखान्यांत जायचे. एका ठिकाणी त्यांना वॉर्मर दिसला. कमी वजनाच्या बाळाला वरून ऊब देणारं यंत्र असतं ते, खाली लहानशी गादी, वर हीटर. तर त्या वॉर्मरवर चादर टाकून लोकांनी त्याचं टेबल केलं होतं. वर कागदांचे गठ्ठे, पाण्याचा जग, देवाचा फोटो. बिघाड काहीच नव्हता. महागाची वस्तू, खराब होईल, अंगावर येईल, म्हणून कोणी लावलीच नव्हती. त्यानंतर नानांनी आपला विषय बदलला. आमच्याकडची धूळ, उन्हाळा, कमी-जास्त होणारी वीज, वायरी कुरतडणारे उंदीर, या सगळ्यांत वॉर्मर टिकेल कसा, बाळाच्या अंगाला चिकटवायची तापमानाची वायर इथल्या इथे दुरुस्त होईल कशी, यावर ते काम करू लागले. आणि त्याच्याही आधीचा प्रश्न त्यांनी लिहून मांडला, की यंत्र वापरायला माणूस घाबरतो का?

कॉलेजात त्यांचं नाव पडलं 'मेकॅनिक सर'. विद्यार्थी म्हणत ते प्रेमाने. सहकारी म्हणत ते वेगळं. ज्यांनी जन्मात दवाखान्यातला एक प्लग लावून पाहिला नाही, ते त्यांना विचारत की यात रिसर्च कुठे आहे. बढतीच्या मुलाखतीत एकाने विचारलं, "वॉर्मर तर जुनीच गोष्ट आहे. यात नवीन काय?" नाना म्हणाले, "बाळं नवीन असतात, सर." त्या वर्षी बढती मिळाली नाही. पुढच्या खेपेलाही नाही. प्राध्यापक झाले ते निवृत्तीच्या तोंडावर. घरी हे ते विनोद म्हणून सांगायचे आणि आम्ही हसायचो. आता मला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडेच राहायला आले. लग्न केलं नव्हतं. वरची खोली त्यांची. टेबलावर सोल्डरिंगची कांडी, सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारा जुना ऑसिलोस्कोप, सुट्या वायरी, सगळं उघडं. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी दोन वॉर्मर घेऊन दिले. नानांनी स्वतः बदल करून ते बीडपासून थोड्या अंतरावरच्या एका ग्रामीण रुग्णालयात नेऊन बसवले. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्याचा त्रास ज्यांना व्हायला हवा त्यांना होणार नाही, तिथल्या सिस्टरला होईल. त्या सिस्टरला नानांनी शिकवलं. मी सुट्टीवर होते, बरोबर गेले होते. "सिस्टर, घाबरायचं न्हाई. बिघडलं तर मी हाय. न वापरता बिघडलं तर मात्र मी रागवीन." सिस्टर म्हणाल्या, "सर, मी उद्यापासून लावते." तेवढ्यात तिथले मुख्य साहेब आले आणि म्हणाले, उद्या नको, आधी उद्घाटन. मोठ्या साहेबांची, म्हणजे मंत्र्यांची, तारीख मागितली आहे. तोवर धूळ बसू नये म्हणून काहीतरी झाका.

हे घरी कळलं आणि आई कामाला लागली. नानांच्या कामात आपलाही हात लागावा असं तिला नेहमी वाटायचं, पण सांगणार कशी? तिने माझ्याकडून मापं मागवली. मरून रंगाच्या मखमलीची दोन कव्हरं शिवली, कडेला सोनेरी पट्टी, खाली झालर. मला म्हणाली, "नानांना दे. म्हणावं, मशीनसाठी हायेत." मी ती घेऊन वर गेले. नानांनी हातात घेतली, उलटी करून शिवण पाहिली. मला वाटलं, आता निरोप येणार, मशीन गुदमरती. त्यांनी सोनेरी पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुझ्या आईला सांग, शिलाई लई सरळ हाय." आणि माझ्याकडे बघून हळूच, "असू दे गं. उद्घाटनापुरती."

त्यांनी स्वतःच्या हाताने यंत्र झाकलं ते आयुष्यात तेवढंच.

मोठ्या साहेबांची तारीख मिळेना. एकदा अधिवेशन, एकदा लग्नं, एकदा नारायणगड देवस्थानाचा कार्यक्रम. कव्हरांवरून लाल फीत बांधून तयार होती. नाना एसटीने जायचे, मुख्य साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसायचे, परत यायचे. "काय म्हणाले?" वडील विचारायचे. "म्हणाले, सर, कावून घाई करता, मशीन काय पळून जातीय का?" या काळात तिथे जन्मलेली कमी वजनाची बाळं ॲम्ब्युलन्समधून बीडला येत होती, रस्त्यातल्या खड्ड्यांवरून, कापसात गुंडाळून. सगळी पोचली की नाही, हे सिस्टरने नानांना सांगितलं नाही आणि नानांनी विचारलं नाही... हे मला वडिलांनी सांगितलं. नानांनी विचारलं नाही यावरून मला कळलं की त्यांना किती माहीत होतं.

मग ते गेले. आणि शोकसभा झाली. स्टेजवर बढती नाकारणाऱ्यांपैकी एक जण होते. ते म्हणाले, सर काळाच्या पुढे होते. बॅनरवाले पुढारी होते. रुग्णालयाचे मुख्य साहेबही होते. त्यांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं, की सरांच्या स्मृतीला वंदन म्हणून रुग्णालयातल्या बाळांच्या कक्षाला सरांचं नाव देण्यात येईल, आणि सरांनी दिलेल्या वॉर्मरचं लोकार्पण त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला मोठ्या साहेबांच्या शुभहस्ते होईल. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजल्या. म्हणजे आता नानांच्याच नावाने ती यंत्रं आणखी वर्षभर झाकलेली राहणार होती. मी उठायला हवं होतं, माइक मागायला हवा होता, हे सगळं मला कळत होतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बायकांच्या रांगेत शेजारी आई बसली होती. तिने टाळी वाजवली नव्हती. रिक्षातून घरी येताना ती एवढंच म्हणाली, "माझ्या कव्हरांनी झाकलंय व्हय ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कापडी पिशवी घेऊन ती दारात उभी होती. "चल."

रुग्णालयात मुख्य साहेब मीटिंगला गेले होते. स्टोअरचे बाबू आडवे आले. "ताई, साहेबांना विचारल्याबिगर मशीनला हात लावता येत न्हाई."

"मशीनला कोण लावतंय?" आई म्हणाली. "कव्हरं माझी हायेत. मी शिवलेत. धुवायला न्यायलेय."

"अवो, पण वर फीत बांधलीय."

"फीत कुणाची हाय?"

"साहेबांची."

"मग साहेबांना घरी नेऊन द्या."

मागे उभ्या असलेल्या सिस्टरने हसू लपवायला, पदर नसल्यामुळे, तोंडाला फाइल लावली. बाबू म्हणाले, "धुवून परत आणणार ना?" आई म्हणाली, "मखमल हाय. वाळायला येळ लागतो." आणि तिने फीत सोडली, फाडली नाही, गाठ सोडवून नीट गुंडाळून बाबूंच्या हातात दिली. दोन्ही कव्हरं काढून पिशवीत भरली. मग उघड्या यंत्रांकडे बघून सिस्टरला म्हणाली, "उघडी ठेवली तर धूळ बसंल. चालू ठेवलेली बरी." सिस्टरने बाबूंकडे पाहिलंच नाही. प्लग लावला.

गोष्टीत होतं तसं काही झालं नाही. त्या सकाळी तिथे एकही लहानगं बाळ नव्हतं. वरचा हीटर हळूहळू लाल झाला आणि रिकाम्या गादीवर ऊब पडत राहिली. आईने हात पुढे करून ती पाहिली, चुलीसमोर धरतात तसा. मी बाजूला उभी राहून रागाने रडत होते. एवढंच होतं. एक गाठ सोडायची होती आणि एक प्लग लावायचा होता. यासाठी नाना त्या बाकावर बसून राहिले.

नंतर मुख्य साहेबांचा निरोप आला की लोकार्पण ठरल्याप्रमाणे होईलच. करा. नाव द्या, फोटो लावा, नारळ फोडा. फक्त त्या दिवशी गादीवर बाळ असेल तर आवाज कमी ठेवा. सिस्टरचा काल फोन आला होता. म्हणाल्या, "ताई, एक गादी भरलीय." मुलगी आहे म्हणे.

कव्हरं परत गेली नाहीत. आईने ती उसवली आणि त्यांची फडकी केली. नानांची खोली ती रोज त्या मरून मखमलीने पुसते. टेबल, सोल्डरिंगची कांडी, ऑसिलोस्कोप, सगळं उघडं आहे. खाली फ्रिज, टीव्ही, मिक्सरही उघडे आहेत. परवा मी वर गेले तर ती नानांच्या फोटोची काच पुसत होती, डोक्यावर पदर घेऊन. मी आल्याचं तिला कळलं. फोटोकडे न बघता, दाराकडे तोंड करून ती मला म्हणाली, "नानांना सांग, कव्हरं काढली."

फोटोसमोर उभी राहून माझ्याने ते बोलवेना. लिहिता मात्र येतं, म्हणून इथे लिहिते आहे.

नाना, आई म्हणतेय, कव्हरं काढली.