पिराप्पानं काढलेला तिसरा काटा

खजुरी गावचा पिराप्पा बापजाद्यांपासून मूर्ती घडवणारा. पण गुलबर्ग्यात सगळे त्याला ‘किड्यांचा चितारी’ म्हणत. निजामाच्या खाणखात्यातून निवृत्त झालेले हणमंतराव एका युरोपातल्या मित्राकडून ज्युरासिक काळातले तांबडे दगड मागवीत. त्यांच्या पातळ चकत्यांत रेडिओलेरिया दिसत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले हे जीव टाचणीच्या टोकाहून लहान, सांगाडे काचेसारखे. रावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून पिराप्पानं बघायचं, चित्र काढायचं, आणि त्यावरून रावांनी वर्णन लिहायचं, असं नऊ वर्षं चाललं. एक डोळा मिटायची पिराप्पाला इतकी सवय झाली, की घरी बायको पद्माबाई करवादायची, “माझ्यात बी किडं दिसायलेत का?”

१९३८ साली कुठल्याच पुस्तकात नसलेला एक सांगाडा सापडला. तीन काटे, टोकांना दुभंगलेले.

“नवी जात, पिराप्पा! नाव तुझ्यावरून ठेवतो.”

“नको सायेब, गावात हसतील. किड्याला माझं नाव!”

रावांच्या पत्नी सुशीलाबाईंनी शिरा केला. निपुत्रिक घरातलं ते एकच बारसं. वर्णन, चित्र आणि चकती परदेशी मासिकाकडे रवाना झाली.

पाच महिन्यांनी चकतीसकट पत्र आलं: तिसरा काटा मधोमध मोडलेला आहे. दगडात नाही ते चित्रात आहे. असं लेखन छापता येत नाही.

रावांनी विचारलं, “काटा मोडका होता?”

“व्हय सायेब.”

“मग पुरा कामून काढलास?”

पिराप्पाला प्रश्नच कळेना. “खंडित मूर्ती आमी कुणाच्या हातात देत न्हाई. दोन काटे बघून तिसरा जोडला.”

राव हसू लागले. हसता हसता त्यांना खोकला आला.

पिराप्पानं मोडक्या काट्याचं नवं चित्र काढलं. ते पाठवलं. उत्तरात एक छापील पुस्तिका आली. राव भिंग लावून वाचू लागले. मधल्या काळात दुसऱ्या एका संशोधकाला तीच जात सापडली होती. वर्णन छापून झालं होतं, नावही ठेवून झालं होतं.

“चित्र बघ. तिसरा काटा कसाय?”

पिराप्पानं सवयीनं एक डोळा मिटला. “पुरा हाय. मी काढला तसाच.”

“म्हणजे ह्याचं बरोबरच होतं की!” सुशीलाबाई म्हणाल्या.

“बरोबर होतं,” राव म्हणाले. “पण ह्यानं ते बघितलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी पिराप्पा नेहमीच्या वेळेला हजर. सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलेलं होतं.

“चहा घे आन् जा,” राव म्हणाले.

श्रावणात राव वारले, तोवर तो रोज येत राहिला. चहा रोज मिळाला. दगड कुणी बाहेर काढला नाही.