वेळशेतचा रस्ता आणि विनिता घरत

वेळशेतच्या नगरपंचायतीत विनिता घरत अभियंता म्हणून रुजू झाली, तेव्हा गावात तिची पहिली बातमी पसरली ती अशी, की नव्या मॅडम पायी फिरतात. रोज सकाळी धक्क्यापासून एस.टी. स्टँडपर्यंतचा बाजाररस्ता ती चालत यायची, वाटेत दोन-चार जणांशी बोलायची आणि मगच कचेरीचा जिना चढायची.

ती मूळची पेणकडची, आगरी घरातली. वडील काळूराम यांचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. मोठा भाऊ हितेश याने मिठागराकडे पाठ फिरवून डंपर घेतला, पुढे जेसीबी घेतला आणि किनाऱ्यावरच्या बांधकामांवर चांगला जम बसवला. विनिताला शिकायचं होतं, ती शिकली. मिठागराच्या बांधावरून बांधावर बोलायचं तर आवाज मोठाच लागतो. तो आवाज तिने कचेरीतही बदलला नाही. बाजूच्या खोलीत बसणाऱ्या मुख्याधिकाऱ्यांना तिचं प्रत्येक काम भिंतीपलीकडूनच कळायचं.

मुरुडच्या अलीकडचं वेळशेत म्हणजे हा एकच रस्ता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांमागे समुद्र. एस.टी. आली की रिक्षावाल्याने कुणाच्या तरी अंगणात शिरून वाट द्यायची, एवढीच त्याची रुंदी. पण गावाला जे काही हवं ते याच्याच पोटातून यायचं. पाण्याची मोठी नळी डोंगराकडून उतरून याच रस्त्याखालून गेलेली. टेलिफोनची जुनी तार त्यातच. मग इंटरनेटच्या कंपन्या आल्या, त्यांनीही खणलं. वादळात विजेचे खांब आडवे झाल्यापासून वीज कंपनीला तारा जमिनीखाली न्यायच्या होत्या. गॅसची पाइपलाइनही येऊ घातलेली. प्रत्येक कंपनी वेगळा अर्ज करायची, वेगळी परवानगी घ्यायची आणि वेगळा चर खणायची. एकीने बुजवलेला चर पावसात खचायच्या आत दुसरीचं मशीन हजर.

शिमग्याच्या तोंडावर एका कंपनीच्या मशीनने पाण्याची नळी फोडली. बाजारातून पाण्याचा लोट वाहिला आणि नळांना चिखल आला. अनुसूयाबाई बाजारात खाणावळ चालवायच्या. त्यांच्याकडे त्या दिवशी मुंबईचे पाहुणे जेवायला उतरले होते आणि भात लाल मातीचा निघाला. त्या आरडाओरडा करत आल्या नाहीत. सरळ विनिताच्या टेबलासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नळाला पाणी येईपर्यंत मी इथेच बसते. तुमच्याकडचा पाण्याचा जार भरलेला दिसतोय."

आणि त्या खरोखरच बसल्या. विनिताने त्यांना चहा मागवला, स्वतः खड्ड्यात उतरून नळी जोडून घेतली, आणि संध्याकाळी परत आली ती मनाशी ठरवूनच.

दुसऱ्या दिवशी ती मुख्याधिकारी देवव्रत साने यांच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, यापुढे कुणालाही एकट्याला खणू द्यायचं नाही. सगळ्या कंपन्यांना एकत्र बसवायचं. डोंगराच्या बाजूला फक्त पाणी आणि गटार. समुद्राच्या बाजूला एकच चर, त्यात ठरलेल्या अंतरावर वीज, गॅस आणि बाकीच्या तारांसाठी प्लास्टिकच्या नळ्या. काही नळ्या मुद्दाम रिकाम्या ठेवायच्या, पुढे येईल त्याच्यासाठी. एकदाच खणायचं, एकदाच बुजवायचं, वरून काँक्रीट करायचं आणि मग त्याला कुणी हात लावायचा नाही.

साने साहेब भला माणूस, पण सावध. त्यांना वाटलं, या बड्या कंपन्या. त्यांनी वरून फोन केले तर? परवानगी नाकारली म्हणून तक्रार झाली तर?

"साहेब, आपण नाकारत कुठे आहोत?" विनिता म्हणाली. "कुठून जायचं आणि कधी जायचं, एवढंच सांगतोय. रस्ता गावाचा आहे. ते सांगायचं काम आपलंच आहे."

साहेबांनी सगळ्या कंपन्यांना बैठकीचं पत्र काढायला लावलं आणि त्यावर सही केली.

पहिल्या बैठकीला विनिताने खुर्च्या मांडल्या, वडे सांगितले. आला एकटा प्रीतम. एका इंटरनेट कंपनीचा हा तरुण अभियंता साइटवर उभा राहून काम करून घेणारा. बाकीच्यांनी कळवायचीही तसदी घेतली नाही. प्रीतमने वडे खाल्ले, नकाशा नीट पाहिला आणि सांगितलं, की खरं तर प्रत्येकाची केबल दुसऱ्याच्या मशीनखाली तुटते, सगळेच वैतागलेत. पण आपण थांबलो आणि दुसऱ्याने आधी उरकून घेतलं तर गिऱ्हाइकं जातील, या भीतीने कुणी थांबत नाही. विनिताला हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे कुणाची नियत खोटी नव्हती. एकदा कुणालाच पुढे जाता येत नाही हे दिसलं, की सगळे थांबतील.

ते दिसायची वेळ लवकरच आली, पण तिला हवी होती तशी नाही.

रविवारी सकाळी अनुसूयाबाईंचा फोन आला. मासळी बाजाराजवळ मशीन लागलंय, रस्ता फोडायला सुरुवात झालीय. विनिता स्कूटरवर निघाली. लांबूनच पिवळा जेसीबी दिसला आणि जवळ गेल्यावर त्याच्या काचेवर आईचं नाव दिसलं, सोनूबाई. मशीन हितेशचं होतं. तो स्वतः बाजूला उभा राहून ड्रायव्हरला हात करत होता. एका कंपनीने सुट्टीचा दिवस साधून गुपचूप काम उरकायला त्याला सांगितलं होतं.

बहिणीला पाहून हितेश हसला. त्याला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. "अगं, तू हाय म्हनून तं मी काम घेतला. तुज्या गावात मना कोन अडवनार?"

कोळणी पाट्या खाली ठेवून बघत होत्या. विनिताने एकदा फुटलेल्या रस्त्याकडे पाहिलं. अजून हातभर पुढे गेलं असतं तर पाण्याची नळी होती.

"मीच अडवनार," ती म्हणाली. "मशीन बंद कर, दादा. चावी दे."

हितेशला आधी ती थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा उतरला. सगळ्या बाजारादेखत धाकट्या बहिणीने चावी मागावी, हे त्याला झोंबलं. क्षणभर तो काही करेल असं वाटलं. पण त्याने ड्रायव्हरला खूण केली, चावी तिच्या हातावर ठेवली आणि मोटरसायकलला किक मारली. विनिताने तिथेच पंचनामा केला. मशीन नगरपंचायतीच्या आवारात नेऊन उभं करवलं. खाली स्वतःची सही केली.

घरी काय वाट्याला येणार ते तिला माहीत होतं. वडिलांना तिने स्वतःहून फोन केला. काळूरामांनी सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, "गाडी धरलीस ता बराबर केलास. पन सनाला जेवाला दोघांनी घरी याचा. दुसरा मी काय ऐकनार नाय."

सणाला दोघेही गेले. हितेश तिच्याशी बोलला नाही, पण तिच्या ताटात बोंबलाचा तुकडा त्यानेच वाढला. मशीन सोडवायचा विषय तिने साहेबांकडे सोपवला. पंचनाम्याखेरीज भावाच्या कुठल्याही कागदावर माझी सही नको, असं तिने सांगून ठेवलं होतं. कंपनीला दंड झाला, मशीन नियमाप्रमाणे सुटलं.

बातमी मात्र किनाऱ्याने पसरली, अलिबागपासून आगरदांड्याच्या धक्क्यापर्यंत. वेळशेतच्या मॅडमने सख्ख्या भावाचा जेसीबी धरला. पुढच्या बैठकीला खुर्च्या कमी पडल्या. वीज कंपनीचे साहेब आले, गॅसवाले आले, ज्यांनी चोरून खणलं होतं तेही खाली मान घालून आले. भांडणं झाली. वीजवाल्यांना सगळ्यात खाली जागा हवी होती, गॅसवाल्यांना विजेपासून लांब राहायचं होतं, इंटरनेटवाल्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं. विनिताने प्रत्येकाला फळ्यापुढे उभं करून आपापली रेघ काढायला लावली. रेघा एकमेकींवर चढल्या की खोडायच्या आणि पुन्हा काढायच्या. दुपार कलेपर्यंत फळ्यावर एक चर उभा राहिला, सगळ्यांना पटेल असा.

पावसाळा उलटल्यावर कामाला सुरुवात झाली. एका वेळी थोडाच तुकडा उघडायचा, संध्याकाळी त्यावर लोखंडी पत्रे टाकून वाट मोकळी करायची, ही तिची अट. गाव धुळीने माखलं, व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, पण वाट कधी बंद पडली नाही. अनुसूयाबाईंच्या खाणावळीसमोर चराच्या तळाला कातळ लागला. तो फोडायला ब्रेकर लावला असता तर त्यांच्या मचूळ पाण्याच्या विहिरीचं जुनं बांधकाम हादरलं असतं. वीज कंपनीचे साहेब म्हणाले, इथे नळ्या वर घेऊ. विनिताने ठाम नकार दिला. वर घेतलेली नळी पुढे कुणाच्या तरी पहारीखाली येणार. तेव्हा प्रीतमने सुचवलं, की त्यांच्या कंपनीचं जमिनीखालून आडवं भोक पाडणारं मशीन किहीमला काम करतंय, ते आणू. ते आलं. कातळ न फोडता त्याच्या पोटातून नळ्या पलीकडे निघाल्या. विहिरीचा एक चिराही हलला नाही.

ठेकेदाराने माती उचलायला ज्यांचे डंपर लावले, त्यांत हितेशचाही एक होता. या वेळी सगळे परवाने खिशात घेऊनच तो आला. पहिल्या दिवशी त्याने ते बहिणीपुढे धरले. तिने वाचले आणि "साहेबांना दाखव" म्हणून परत दिले. तो हसला. "मना ठाव हता," म्हणाला. तिथून त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

पुढच्या पावसाळ्यात रस्ता खचला नाही. आणखी एक नवी इंटरनेट कंपनी आली, जुन्या सवयीने खोदाईची परवानगी मागायला. विनिता त्यांच्या माणसाला घेऊन स्टँडजवळ गेली, चेंबरचं झाकण उघडलं आणि रिकामी नळी दाखवली. त्याची केबल एका टोकाला आत गेली आणि धक्क्यापाशी बाहेर आली. बाजारात कुणाला पत्ताही लागला नाही.

मग तळा गावच्या नगरपंचायतीतून फोन आला, आम्हालाही समजावून सांगा. विनिता गेली, दिवसभर त्यांच्या रस्त्यावरून चालली आणि त्यांच्या माणसांना खडूने रेघा आखून दाखवल्या. सध्या वेळशेतला तिने धक्क्याकडची गल्ली हाती घेतली आहे. ती बाजाररस्त्याहूनही अरुंद आहे. सगळ्या कंपन्यांना पत्रं गेली आहेत, आणि या वेळी सगळ्यांची उत्तरं आली आहेत. बैठक येत्या मंगळवारी आहे.